दिवस भरले, बाळ मात्र लहान

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५-९६ साली गडचिरोलीतल्या ३९ गावांत नवजात बाळांची घरोघरी जाऊन नोंद ठेवली. ४२ टक्के बाळं अडीच किलोपेक्षा कमी वजनाची निघाली. वेळेआधी जन्मलेली होती जेमतेम १० टक्के. म्हणजे बहुतेक लहान बाळं दिवस भरूनच आली होती. त्यांची वाढ पोटातच खुंटली होती.

आईचं कुपोषण, रक्तक्षय, वाढलेला रक्तदाब ही त्याची कारणं. जंगलपट्ट्यात मलेरियाचीही भर पडते. त्याचे जंतू वारेत ठाण मांडतात आणि बाळाची रसद तोडतात. वार कमी पडू लागली की बाळ हातपाय, पोटाकडचं रक्त मेंदूकडे वळवतं. डॉपलर सोनोग्राफीत हे दिसतं. नुसतं लहान चणीचं बाळ आणि उपाशी बाळ यांतला फरक ओळखायला त्याची मदत होते.

अशा बाळासाठी औषध देऊन कळा आणायच्या, की थांबायचं? नेदरलँड्समध्ये ३६ आठवडे उलटलेल्या ६५० गर्भवतींवर याची चाचणी झाली. निष्कर्ष २०१० साली आले. कळा आणलेल्या आणि थांबलेल्या, अशा दोन्ही गटांत बाळांना होणारा गंभीर त्रास जवळपास सारखाच होता. कळा आणल्या म्हणून सिझेरियनही वाढलं नाही. मात्र ३८ आठवड्यांआधी कळा आणून जन्मलेल्या बाळांना नवजात कक्षात जास्त ठेवावं लागलं. म्हणून डॉपलर ठीक असेल तर साधारण ३८-३९ आठवडे गाठायचे. बाळ फारच लहान असेल किंवा डॉपलरमध्ये रक्तप्रवाह बिघडलेला दिसला, तर त्याआधीच.

पण नेदरलँड्समधलं थांबणं म्हणजे आठवड्यातून दोनदा तपासणी होती. गडचिरोलीतल्या भामरागडला पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ताच बंद होतो. तिथे तपासणीविना थांबणं म्हणजे बाळाला नशिबावर सोडणं. माझ्या मते, इथल्या डॉक्टरांनी तारीख ठरवताना नदी आणि रस्ता हेही हिशेबात धरायला हवेत, आणि अशा आईला आधीच माहेरघरात, म्हणजे बाळंतपणाआधी राहण्याच्या सोयीत, किंवा जिल्ह्याच्या दवाखान्याजवळ आणून ठेवायला हवं.

हा सगळा हिशेब आठवड्यांचा आहे. दिवसच चुकीचे मोजले तर तो कोसळतो. म्हणून पाळी चुकली की तारीख आशाताईला सांगा, पहिली सोनोग्राफी तीन महिन्यांच्या आत करून घ्या. आणि बाळाची हालचाल कमी वाटली, तर सकाळची वाट पाहू नका.