‘०६/०५’ : वाहनतळावरील छायाचित्र आणि संशयाचे राजकारण

नेदरलँड्समध्ये निवडणुकीचे वारे वाहू लागले की पिम फोर्टाउन हे नाव हटकून निघते. अ‍ॅमस्टेलव्हीन, आइंडहोव्हन वा हेगमध्ये नोकरीनिमित्त स्थिरावलेल्या बहुतेक मराठी कुटुंबांच्या आगमनापूर्वीचा हा इतिहास आहे. डच सहकाऱ्याने जेवणाच्या टेबलावर ओझरता केलेला उल्लेख नवागताला म्हणूनच उलगडत नाही. त्या काळाची घालमेल अनुभवायची असेल, तर थिओ व्हॅन गॉग दिग्दर्शित ‘०६/०५’ हा चित्रपट अवश्य पाहावा. मात्र आपण काय पाहत आहोत, याचे भान ठेवून.

शीर्षक म्हणजे एक तारीख : ६ मे २००२. प्राध्यापक आणि स्तंभलेखक असलेले फोर्टाउन स्थलांतर व इस्लामवरील कठोर टीकेमुळे काही महिन्यांतच राजकारणाच्या केंद्रस्थानी आले होते. मतदानाला नऊ दिवस उरले होते. हिल्वरसम हे डच नभोवाणी-दूरचित्रवाणीचे माहेरघर. तेथे रेडिओवरील मुलाखत आटोपून ते वाहनतळावर आले आणि त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. फोल्कर्ट व्हॅन डर ग्राफ हा पर्यावरण व प्राणिहक्क कार्यकर्ता थोड्याच वेळात पकडला गेला. रात्री हेगमध्ये संसद परिसरात जमाव उसळला, मोटारी पेटल्या. संताप डाव्या नेत्यांवर होता, तसाच वृत्तमाध्यमांवरही. फोर्टाउन यांना राक्षस ठरवून त्यांनीच वातावरण तापवले, असा आरोप होता. मतदान ठरल्या दिवशी झाले आणि नेता गमावलेल्या पक्षाने १५० पैकी २६ जागा जिंकल्या.

चित्रपट या वास्तवात एक काल्पनिक पात्र सोडतो. टोमास रॉस यांच्या कादंबरीतून आलेला जिम द बॉय हा वृत्तछायाचित्रकार (भूमिका थाइस रोमर) एका अभिनेत्रीची छायाचित्रे काढण्यासाठी नेमका तेव्हा हिल्वरसममध्ये असतो. गोळ्यांचा आवाज येतो. पुढे स्वतःच्याच छायाचित्रांचा माग काढत तो गुप्तचर यंत्रणा आणि अमेरिकी लढाऊ विमानांच्या खरेदीपर्यंत पोहोचतो.

व्हॅन गॉग यांची हातोटी येथे दिसते. अभिनित प्रसंगांच्या मध्ये ते त्या दिवसांची खरी वृत्तचित्रणे पेरतात. प्रेक्षकाने घरी बातम्यांत पाहिलेले दृश्य पडद्यावर आले की त्याला चिकटलेली कल्पनाही खरी वाटू लागते. वृत्तछायाचित्र काय घडले ते दाखवते, का घडले ते नाही. या दोहोंमधील रिकामी जागा पटकथा कटाने भरते. न्यायालयासमोर आलेले चित्र कितीतरी साधे होते. मारेकऱ्याने कृत्याची कबुली दिली, फोर्टाउन समाजातील दुबळ्यांना लक्ष्य करीत होते असे कारण दिले, आणि २००३ मध्ये त्याला १८ वर्षांची शिक्षा झाली. फोर्टाउन यांच्या सुरक्षेबाबत सरकारी यंत्रणा कमी पडल्याचे चौकशी आयोगाने नोंदवले. पण त्रुटी आणि कट यांत मोठे अंतर असते.

मराठी प्रेक्षकाला येथे ‘सिंहासन’ (१९७९) आठवेल. अरुण साधू यांच्या कादंबऱ्यांवरील जब्बार पटेल यांच्या त्या चित्रपटात निळू फुले यांनी साकारलेला पत्रकार दिगू टिपणीस सत्तेचे सारे डाव जवळून पाहतो आणि अखेरीस त्याचे भान सुटते. दिगूला फार काही कळते, हीच त्याची शोकांतिका. जिमचे उलटे आहे. त्याला कळल्यासारखे वाटते आणि प्रेक्षक त्याच्यावर विश्वास टाकतो. पत्रकारितेचे चित्रण म्हणून ‘सिंहासन’ निःसंशय अधिक प्रामाणिक. ‘०६/०५’चे मोल आहे ते बातमीवरचा विश्वास उडालेल्या समाजाची नाडी पकडण्यात.

चित्रपटाचे उर्वरित काम सुरू असतानाच, २ नोव्हेंबर २००४ रोजी सकाळी अ‍ॅमस्टरडॅमच्या लिनेउस रस्त्यावर सायकलवरून जाणाऱ्या व्हॅन गॉग यांची हत्या झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आयान हिरसी अली यांच्यासह केलेला त्यांचा ‘सबमिशन’ हा लघुपट दूरचित्रवाणीवर दाखवला गेला होता. या हत्येत गूढ काहीच नव्हते. भर रस्त्यात, लोकांच्या देखत ती झाली. मारेकरी मोहम्मद बुयेरी त्याच दिवशी पकडला गेला, देहावर खोचलेल्या पत्रातून हेतूही त्यानेच जाहीर केला होता आणि पुढे त्याला जन्मठेप झाली. तरीही दोन्ही हत्यांमध्ये बरोबर ९११ दिवसांचे अंतर आहे, हे कोणीतरी मोजून काढलेच आणि त्या आकड्याभोवती नव्या कहाण्या विणल्या गेल्या. दिग्दर्शकाविना पूर्ण झालेला ‘०६/०५’ डिसेंबरमध्ये आधी इंटरनेटवर आणि नंतर चित्रपटगृहांत झळकला.