पणजीचं माहेर कुठलं?

तुमच्या पणजीचं माहेरचं नाव काय होतं? आडनाव तरी? पणजोबांचं नाव बहुतेकींना सांगता येतं. पणजी मात्र ‘अमक्यांची बायको’ होऊन बसलेली. लग्नात तांदळाच्या ताटात नवं नाव लिहिलं गेलं, की जुनं मागेच राहायचं.

हल्ली घराण्यांची कुलसंमेलनं भरतात. भिंतीवर लांबलचक वंशवृक्ष लावतात आणि ‘हे’ त्यापुढे उभे राहून आपली फांदी शोधतात. हौस चांगलीच आहे हो! पण जुने कुलवृत्तांत चाळून पाहा. मुलग्यांच्या सात-आठ पिढ्या सलग, आणि लेकीसुनांच्या जागी कित्येकदा नुसती रेघ.

ती रेघ भरायचं काम आपलंच, कारण तिचे पुरावे आपल्याच घरात आहेत. माळ्यावरची तांब्यापितळेची भांडी काढा, चिंच लावून घासा. कुणी, कुणाच्या लग्नात, कधी दिलं, हे काठाखाली कोरलेलं सापडतं. मग पितृपक्षातली महालयाची यादी पाहा. श्राद्धात आई, आजी, पणजी, शिवाय आईच्या माहेरच्यांचीही नावं घेतात, म्हणून बायकांची नावं तिथे टिकली. ती सासरची असतात, एवढं लक्षात ठेवा. जुन्या पत्रिकेत शक असतो. त्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे शके १८४० हे १९१८. जन्म जानेवारी ते पाडवा या दिवसांतला असेल तर ७९ मिळवा.

घराबाहेर शाळेचं जनरल रजिस्टर आणि गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदींचं कोतवाल बुक उपयोगी पडतं. हिंदू वारसा कायदा झाला १९५६ साली. त्यानंतरच्या वारसांच्या फेरफारात मुलींचीही नावं मिळू शकतात. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांना गाव आणि आडनाव सांगा. ते वही काढतात, आणि कधी कधी पणजोबांची सहीच समोर येते! बरोबर आलेल्या पणजीचं नाव असेलच असं नाही. दक्षिणा द्या आणि विचारून पानाचा फोटो घ्या.

जुनी पानं मोडीत असली तर अडतं. २०२३ साली राज्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. मोडीचे वर्ग ठिकठिकाणी चालतात. दुपारी वेळ असेल तर शिकाच.

पण कचेरीच्या आधी घराण्यातली सर्वांत वयस्कर बाई गाठा. ‘तुमच्या सासूबाई कुठल्या?’ म्हटलं तर ‘कोकणातल्या’ म्हणून गप्प बसतील. त्यापेक्षा विचारा, त्यांना भाऊबीजेला कोण यायचं? येणारा भाऊ आठवला की आडनाव आलं, आडनावामागून गाव. ऐकाल ते वहीत तारखेसह लिहा आणि एक प्रत संमेलनवाल्यांना द्या.

नव्वदीच्या आत्याबाईंकडे जायचं मनात असेल, तर याच दिवाळीत जा. पुढच्या नको.