रुसेलचा ‘पद्मावती’ ऑपेरा व त्याचे २००८ मधील पुनर्मंचन : संगीत नाटकाच्या संदर्भात एक विचार

प्रस्तावना :
गिरगावात ‘ऑपेरा हाऊस’ हे नाव वास्तूपेक्षा परिसराचे म्हणून अधिक परिचित आहे. १९११ साली उद्घाटन झालेल्या या नाट्यगृहाचे पुढे चित्रपटगृह झाले, १९९३ मध्ये ते बंद पडले आणि जीर्णोद्धारानंतर २०१६ मध्ये पुन्हा खुले झाले. तेथून चालत जाण्याच्या अंतरावर भुलेश्वर आहे. तेथील चाळीत बालपण गेलेले चित्रपट दिग्दर्शक संजय लीला भन्साळी यांनी मार्च २००८ मध्ये पॅरिसच्या शातले नाट्यगृहात ‘पद्मावती’ हा फ्रेंच ऑपेरा दिग्दर्शित केला. ऑपेराच्या पुनर्मंचनात नेमके काय बदलते आणि काय बदलता येत नाही, हे त्या प्रयोगाच्या आधारे स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

मूळ कृती :
आल्बेर रुसेल (१८६९-१९३७) हा आरंभी नौदलात अधिकारी होता. १९०९ मध्ये त्याने पत्नीसह भारताचा प्रवास केला. त्याच्या ‘एव्होकासियाँ’ या रचनेचा पहिला भाग वेरूळच्या लेण्यांवरून सुचलेला आहे, याची नोंद आपल्याकडे व्हावयास हवी तेवढी झालेली नाही. चितोडच्या अवशेषांनी त्याला ऑपेराचा विषय दिला. लुई लालोआ यांनी संहिता लिहिली व १ जून १९२३ रोजी हा दोन अंकी ‘ऑपेरा-बॅले’ पॅरिस ऑपेरात सादर झाला. गायनाइतकेच नृत्याला महत्त्व देणारा हा प्रकार फ्रान्समध्ये अठराव्या शतकात रूढ होता.

या संहितेचा शेवट आपल्या परिचयाचा नाही. अल्लाउद्दीन पद्मावतीची मागणी करतो. पराभूत रतनसेन रात्री शिवमंदिरात येतो आणि नगर वाचविण्यासाठी तिने शत्रूच्या स्वाधीन व्हावे, असे सुचवितो. पतीच्या हातून हे पाप घडू नये म्हणून पद्मावती त्याचाच वध करते व त्याच्यासह चितेवर जाते. अल्लाउद्दीन पोहोचतो तेव्हा केवळ धूर उरलेला असतो. मलिक मुहम्मद जायसीच्या १५४० च्या काव्यात असा प्रसंग नाही.

शातले येथील प्रयोग :
भन्साळी यांचे हे पहिलेच ऑपेरा दिग्दर्शन होते. वाद्यवृंदाचे संचालन लॉरेन्स फॉस्टर यांचे, नेपथ्य ओमंग कुमार यांचे, तर नृत्यरचना तनुश्री शंकर यांची होती. रंगमंचावर प्रत्यक्ष हत्ती आणण्यात आला. पॅरिसच्या प्रेक्षकाला अपेक्षित असलेला भारतच त्याला दाखविला गेला, असा आक्षेप येथे घेता येईल आणि तो सर्वस्वी चुकीचा नाही. परंतु दिग्दर्शकाच्या हाती दृश्याखेरीज दुसरे होते तरी काय? ऑपेरात स्वर, शब्द, लय, गायकाने कोठे थांबावे हेही संगीतकाराने लिहून ठेवलेले असते. नेपथ्य, वेशभूषा, हालचाली व प्रकाश एवढेच क्षेत्र मोकळे असते.

आपल्या संगीत नाटकाची स्थिती नेमकी उलट आहे. ‘सौभद्र’ (१८८२) मध्ये शंभरांहून अधिक पदे होती. आज त्यांतील निवडक पदांवरच प्रयोग उभा राहतो आणि त्याबद्दल कोणी तक्रार करीत नाही. ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) हे नाटक २०१० मध्ये राहुल देशपांडे यांनी पुन्हा रंगभूमीवर आणले, तेव्हा पदे तीच होती. परंतु आजोबा वसंतरावांची प्रत्येक तान जशीच्या तशी घ्यावी, अशी अपेक्षा नव्हती. ‘वन्समोअर’ मिळाला की प्रयोगाची लांबीही बदलते. पद्यात एवढे स्वातंत्र्य असल्यामुळेच कदाचित आपण नेपथ्याचा नव्याने विचार करण्याबाबत उदासीन राहिलो, असे प्रस्तुत लेखिकेला वाटते. साहित्य संघ मंदिरात पौराणिक नाटकासाठी रंगविलेला महालाचा पडदा आजही आपल्याला पुरेसा वाटतो.

भन्साळी यांनी हाच विषय पुढे ‘पद्मावत’ या चित्रपटात हाताळला. तीव्र विरोधामुळे त्याचे मूळ नाव बदलावे लागले आणि तो जानेवारी २०१८ मध्ये प्रदर्शित झाला. चित्रपटाची संहिता त्यांच्या हाती होती. तेथे रतनसिंह रणांगणावर मरतो, राणी जोहार करते. पत्नीला शत्रूच्या स्वाधीन होण्यास सांगणारा राजा त्यात नाही. पॅरिसमध्ये मात्र तो प्रवेश त्यांना टाळता आला नसता, कारण रुसेलने तो स्वरबद्ध करून ठेवला होता.