बुजरा घोडा, मुंबईचा रस्ता

मरोळ नाक्यावर सकाळी नऊच्या सुमारास वर मेट्रो धावत असते, खाली रिक्षांची रेटारेटी चालते, बेस्टची बस ब्रेक मारताना उसासे टाकते आणि मधूनच एखादे विमान डोक्यावरून जाते. जानेवारी २०२० मध्ये तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी मुंबई पोलिसांचे अश्वदल पुन्हा उभे करण्याची घोषणा केली, तेव्हा तबेल्यासाठी याच अंधेरी-मरोळ परिसरातली अडीच एकर जागा ठरली. योजना तीस घोड्यांची होती. त्या वर्षीच्या प्रजासत्ताक दिनाला शिवाजी पार्कच्या संचलनात हे दल लोकांनी पाहिले. आधीचे अश्वदल १९३२ साली बंद झाले होते, तेही रस्त्यावर मोटारी वाढल्या म्हणून. अठ्ठ्याऐंशी वर्षांनी घोडा परत आला तो मोटारींच्या त्याच गर्दीत, आणि दरम्यान ती गर्दी कैक पटींनी वाढली होती.

पोलिसांचा असो की हौशी स्वाराचा, तीन-चार वर्षांचा कोवळा घोडा अशा रस्त्यावर पहिल्यांदा रपेटीला काढायचा म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. तबेल्याच्या आवारात गुणी बाळासारखा वागणारा घोडा फाटकाबाहेर पाऊल टाकताच बुजतो. कान टवकारतो, मान उंच करतो, नाकपुड्या फुगवून फुरफुरतो आणि उलट फिरून घरचा रस्ता धरतो. स्वाराची मांड पक्की नसेल तर तो खाली आणि घोडा चौखूर.

जुन्या मुंबईत ही अडचण वेगळ्या रीतीने सुटत असे. ९ मे १८७४ रोजी शहरात घोड्यांची ट्राम सुरू झाली आणि ती १ ऑगस्ट १९०५ पर्यंत धावली. टांगे, बग्ग्या, व्हिक्टोरिया होत्याच. नवा घोडा रस्त्यावर येई तेव्हा पुढे, मागे, शेजारी त्याच्याच जातीची जनावरे शांतपणे चालत असत. पुढे मोटारींनी त्यांना हळूहळू हटवले. मनोरंजनासाठी चालणाऱ्या घोडागाड्या बेकायदा असल्याचा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने जून २०१५ मध्ये दिला आणि व्हिक्टोरियाही रस्त्यावरून उतरली. आज उपनगरात घोडा दिसतो तो जुहूच्या वाळूत किंवा वरातीत. पूर्वी आपसूक मिळणारी सोबत आता कोवळ्या घोड्यासाठी मुद्दाम जुळवून आणावी लागते. त्याच्या शिक्षणातला खरा कस इथेच लागतो.

घोडा बुजतो म्हणजे खोडी काढतो, हा समज आधी काढून टाकावा लागतो. घोडा हे शिकार होणारे जनावर. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ ३५० अंशांतले दिसते. फक्त कपाळासमोरचा अगदी जवळचा भाग आणि शेपटीमागची पट्टी त्याच्या नजरेबाहेर राहते. त्यामुळे डाव्या हाताने घुसणारी रिक्षा त्या पट्टीतून एकदम डोळ्यांच्या कोपऱ्यात उगवते. उजेडातून अंधारात जाताना त्याचे डोळे माणसापेक्षा सावकाश सरावतात. मेट्रोच्या पुलाची काळी सावली आपल्याला सावलीच दिसते, त्याला तिथे खड्डा असू शकतो. लाल-हिरव्यातला फरक त्याला नीट कळत नाही. निळा आणि पिवळा मात्र स्पष्ट कळतात. त्यात पावसाळ्यात अर्धे उपनगर निळ्या ताडपत्रीखाली जाते आणि ती ताडपत्री वाऱ्यावर फडफडते.

कानांचीही तीच गत. माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, घोड्याला ३३ हजारांच्या पुढचेही. ब्रेकची किंवा ड्रिल मशीनची जी तीक्ष्ण शीळ आपल्या कानांपर्यंत पोचतच नाही, तिच्यामुळे तो दचकतो. स्वाराला रस्ता मोकळा दिसतो आणि घोडा उगाच नाटक करतोय असे वाटते.

शिकवणीआधी शरीराची तपासणी हवी. खोगीर पाठीला टोचत असेल, तंग ओढताना कातडी चिमटत असेल, दाढांना धार आली असेल किंवा नाल ढिली असेल, तर घोडा आधीच त्रासलेला असतो. रस्त्यावरचे निमित्त मग त्याला पुरते. परळला १८८६ पासून पशुवैद्यक महाविद्यालय असलेल्या शहरात डॉक्टरांचा सल्ला मिळणे अवघड नाही. चंदीही तपासावी. दिवसभर दावणीला उभ्या असलेल्या घोड्याला भरपूर दाणा घातला, तर त्याची रग रपेटीतच बाहेर पडणार.

आता मुद्द्याचे काम, म्हणजे अंतर.

बांधकामाच्या कुंपणावर निळी ताडपत्री फडफडते आहे असे समजा. घोडा ती पन्नास पावलांवरून पाहतो, चालत राहतो, फक्त एक कान तिकडे वळवतो. तीस पावलांवर त्याची चाल आखडते. वीस पावलांवर मान वर जाते आणि पाय जमिनीत रोवले जातात. अधीर स्वार इथे टाच मारतो. जाणता स्वार मुळात वीस पावलांपर्यंत जातच नाही. तीस पावलांवर, घोडा अजून विचार करू शकतो तिथे, तो थांबतो. लगाम ढिला सोडतो आणि घोड्याला बघू देतो. मान खाली आली, श्वास सुटला, की तो घोड्याला वळवून चार पावले मागे नेतो आणि मग पुन्हा पुढे आणतो. पुढच्या खेपेला अंतर पंचवीस पावलांचे होते. नाक ताडपत्रीला टेकलेच पाहिजे असा हट्ट नसतो. त्या दिवशी पंचवीस पावलांवरून घोडा सैल मानेने गेला, की धडा संपला.

या पद्धतीला संशोधनाचा आधार आहे. डेन्मार्कमध्ये यान्ने विंथर क्रिस्टेन्सेन आणि सहकाऱ्यांनी दोन वर्षांच्या २७ घोड्यांवर केलेला प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. भीती घालायला त्यांनी हलणारी पांढरी नायलॉनची पिशवी वापरली. एका गटासमोर ती एकदम पूर्ण हलवली, दुसऱ्या गटात खाऊची जोड दिली आणि तिसऱ्या गटाला थोड्याथोड्या पायऱ्यांनी तिची सवय लावली. तिसऱ्या गटातले घोडे सर्वांत कमी बिथरले, त्यांना धडेही कमी लागले आणि त्यातला एकही घोडा शिकायचा राहिला नाही.

क्रिस्टेन्सेन आणि सहकाऱ्यांचा २००८ सालचा दुसरा प्रयोग सोबतीविषयी होता. भीतीच्या वस्तूला सरावलेला घोडा शेजारी असेल, तर नवखा घोडा कमी घाबरतो आणि त्याच्या हृदयाचे ठोकेही कमी वाढतात, असे त्यात दिसले. म्हणून पहिल्या रपेटींना एखादा पोक्त, संथ घोडा बरोबर हवाच. माथेरानला दस्तुरी नाक्यावरून मोटारी पुढे जात नाहीत. तिथल्या लाल मातीच्या वाटेवर घोडे एकामागे एक चालताना दिसतात, माकडांची आणि पर्यटकांच्या गलक्याची फिकीर न करता. पुढच्याचे पाय ज्या वाटेने गेले ती वाट मागच्याला सुरक्षित वाटते. मुंबईतही क्रम तोच ठेवावा. आधी नवखा मागे, मग शेजारी, रस्त्याच्या आतल्या अंगाला. मग काही पावले पुढे आणि पुन्हा मागे. असे बरेच दिवस गेले, की पोक्त घोडा नजरेच्या टप्प्यात ठेवून थोडे एकट्याने. यातली एखादी पायरी गाळली, तर ती पुढे सव्याज वसूल होते.

स्वाराचे काय? स्वीडनमध्ये लिंडा कीलिंग आणि सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग फार बोलका आहे. माणसांनी घोड्याला हाताने धरून किंवा त्यावर बसून एका ठिकाणाहून दुसरीकडे चार वेळा न्यायचे होते. चौथ्या खेपेआधी त्यांना सांगितले, की आता वाटेत छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच गेली नाही. तरीही माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि घोड्यांचेही वाढले. घोड्याला छत्रीबद्दल कोणी काही सांगितले नव्हते. लगाम किंचित आखडला, मांड्या आवळल्या, श्वास रोखला गेला, एवढा निरोप त्याला पुरला असावा. म्हणून नवख्या घोड्यावर नवखा स्वार बसवू नये. ज्याला भीती वाटते त्याने उतरून, हेल्मेट तसेच डोक्यावर ठेवून, घोडा हाताने चालवावा. त्यात कमीपणा नाही.

मांडीखालचा संवाद अगदी बारीक असतो. पोटरीने हलका दाब द्यायचा आणि घोड्याने अर्धे पाऊल पुढे टाकताच त्याच क्षणी तो सोडायचा. दाब सुटणे हीच त्याची शाबासकी. घोडा मागे वळल्यावर घाबरून पाय सैल सोडला, तर ‘वळलो की सुटका’ हा धडा तो पक्का करून घेतो. चाबकाचा हिशेब तर आणखी वाईट. ग्रीक घोडेस्वार झेनोफनने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात लिहून ठेवले आहे, की बुजलेल्या घोड्याला मारले तर दुखण्याचा दोष तो समोरच्या वस्तूलाच देतो आणि तिला अधिकच घाबरतो.

इथे एक प्रश्न हमखास येतो. डीजेच्या भिंतीशेजारी, फटाक्यांच्या धुरात वरातीची घोडी निश्चल उभी असते, तिला कोणी शिकवले? काही घोड्यांना खरोखर हळूहळू सराव दिलेला असतो. काहींना मात्र गोंगाटात थेट ढकलले जाते. सुटकेची वाट नाही हे उमगल्यावर घोडा हालचाल थांबवतो. फरक ओळखता येतो. सरावलेल्या घोडीचे कान फिरत राहतात, हाकेला प्रतिसाद मिळतो, समोर आलेला चारा ती खाते. मिटून गेलेल्या घोडीची नजर थिजलेली असते, तोंडाभोवतीचे स्नायू ताठ असतात आणि चाऱ्याकडे तिचे लक्षही जात नाही. अशी घोडी वर्षभर गप्प राहून एखाद्या दिवशी उधळू शकते.

वेळ आणि वाट ही साधी वाटणारी कामे निम्मी लढाई जिंकून देतात. उपनगरात पहाट सर्वांत बरी. पंधरा-वीस मिनिटांची रपेट पुरे. गेल्या वाटेने परत येण्यापेक्षा फेरी मारून आलेले चांगले, नाहीतर घोडा घराकडे तोंड होताच ओढ घेतो. सायकलीला बुजत असेल तर ओळखीच्या सायकलस्वाराला पुढे सावकाश जायला सांगावे आणि घोडा तिच्यामागे न्यावा. पळणाऱ्या वस्तूचा पाठलाग करताना त्याची भीती बरीच उतरते.

रस्त्यावरच्या इतरांचाही यात वाटा असतो. ब्रिटनच्या वाहतूक नियमावलीत २०२२ पासून स्पष्ट म्हटले आहे, की घोड्याशेजारून जाताना वेग ताशी १० मैलांपेक्षा, म्हणजे सुमारे १६ किलोमीटरपेक्षा, जास्त नसावा आणि किमान दोन मीटर अंतर सोडावे. अंधेरी-कुर्ला रोडवर दोन मीटर मोकळी जागा कुणालाच मिळत नाही. निदान मागून हॉर्न वाजवू नये आणि बुलेटस्वाराने शेजारी येऊन इंजिन गुरकावू नये, एवढे झाले तरी बिचारा घोडा सुटला.

दिवाळीच्या आठवड्यात नवा धडा देऊच नये. संध्याकाळी घोडा तबेल्यात असावा, दिवा लावलेला असावा, शेजारी ओळखीचा घोडा आणि पुढ्यात भरपूर वैरण असावी. तुळशीचे लग्न झाले की वरातींचा हंगाम येतो. पाठोपाठ दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्यात तापीकाठी यात्रा भरते आणि तिथला नामांकित घोडेबाजार सुरू होतो. गिऱ्हाईक रंग, उंची, कान आणि नाच बघते. शहरासाठी घोडा घेणाऱ्याने विक्रेत्याला आणखी एक गोष्ट करायला सांगावी. घोडा त्याच्या सोबत्यांपासून दूर, गर्दीच्या कडेला न्यावा आणि तिथे उभा करावा. दचकणार तो प्रत्येकच घोडा. पाहायचे ते हे, की दचकल्यावर कान सैल व्हायला आणि तोंड पुन्हा चाऱ्याला लागायला किती वेळ जातो. ज्याला कमी वेळ लागतो तो घ्यावा आणि मुंबईत ट्रकमधून उतरवल्यावर पहिले काही आठवडे त्याला फाटकाबाहेर काढू नये. नवा तबेला, नवा सईस आणि शेजारचा घोडा यांची ओळख पटली, की मगच पहाटेच्या पहिल्या रपेटीचा दिवस ठरवावा.