गोधडीसाठीं शिवणयंत्र घेतांना

गांधीजी यंत्रमात्राचे वैरी होते असें समजणाऱ्यांना एक गोष्ट सांगितली म्हणजे ते क्षणभर स्तब्ध होतात. १९२४ सालीं रामचंद्रन् नांवाच्या एका तरुणाशीं झालेल्या संभाषणांत त्यांनीं शिवणयंत्राला आपल्या निषेधांतून आवर्जून वगळलें. जगांत जीं थोडीं खरोखर उपयुक्त यंत्रें निघालीं त्यांपैकीं तें एक, हा त्यांचा अभिप्राय १३ नोव्हेंबरच्या ‘यंग इंडिया’त छापलेला आहे. पत्नीचे शिवणाचे कष्ट पाहून सिंगरला तें सुचलें, असेंहि ते म्हणाले. (शाळामास्तराची खोड म्हणून नमूद करतों कीं, इतिहास थोडा निराळा आहे. एलायस हाऊचें पेटंट १८४६ चें. सिंगरनें १८५० मध्यें बोस्टनला दुसऱ्याच्या यंत्रांत सुधारणा केल्या आणि पुढील वर्षीं पेटंट मिळविलें.)

हे गांधीजी १९३६ त ज्या शेगांवीं येऊन राहिले आणि ज्याचें नांव १९४० त सेवाग्राम झालें, तेथेंच आमचें बिऱ्हाड आहे. आणि तेथेंच गेल्या हिवाळ्यांत शिवणयंत्रानें आमच्या घरचे कष्ट कमी करण्याऐवजीं वाढविले.

मातोश्रींचीं तीन नऊवारी लुगडीं ट्रंकेंत होतीं. त्यांच्या गोधड्या नातवंडांच्या अंगावर पडाव्यात, ही त्यांची शेवटची इच्छा. आमच्या सौभाग्यवतींनीं आजवर सर्व वाकळी हातानें, धावदोऱ्यानेंच शिवल्या. परंतु आतां दृष्टि मंद झाली आणि अंगठाहि दुखूं लागला. म्हणून यंत्र आणलें. दुकानदारानें नक्षीचे टांके किती प्रकारचे पडतात हें मोठ्या उत्साहानें दाखविलें व आम्ही भुललों. कडेच्या चार ओळी सुरेख पडल्या. मध्याकडे येऊं लागतांच गोधडीची वळकटी यंत्राच्या हाताखालीं अडकली. ओढतांना सुई मोडली आणि लुगडें हातभर फाटलें. त्या संध्याकाळीं घरांत कोणी फारसें बोललें नाहीं.

दोष कोणाचा? खरें म्हणजे मापें घेण्याच्या आमच्या आळसाचा. सुई आणि उजवीकडचा उभा खांब यांमध्यें जी मोकळी जागा असते, तीच गोधडीच्या कामीं महत्त्वाची. नेहमीच्या काळ्या घरगुती यंत्रांत ती सुमारें साडेसहा-सात इंच असते. पांच फूट रुंदीची गोधडी मध्यावर शिवतांना तिचा अर्धा भाग, म्हणजे तीस इंच, या जागेंत गुंडाळून राहतो. जाडी पाव इंच धरली तर घट्ट वळकटीचा व्यास तीन इंचांहून किंचित् अधिक भरतो. कापूस घातलेली अर्ध्या इंचाची दुलई असेल तर जवळजवळ साडेचार. शिवाय वळकटी कधींच गणितांतल्याइतकी घट्ट बसत नाहीं. मग हात फिरवावयास दोन इंच तरी उरतात काय?

गोधड्यांसाठीं म्हणून निघणाऱ्या यंत्रांत ही जागा नऊ ते अकरा इंच मिळते. पण त्यांच्या किंमती आमच्यासारख्यांना झेंपणाऱ्या नाहींत. शिंप्यांच्या कारखान्यांतील सरळ टांक्याच्या यंत्रांत ती दहा इंचांच्या आसपास असते व जुनें यंत्र बेतानें मिळूं शकतें. मात्र तें जड असतें, टेबलासकट येतें आणि त्याचा वेग नवशिक्याला घाबरवितो. कसलेंहि असो, दुकानांत पट्टी घेऊन जावें. खांबापर्यंतची रुंदी मोजावी आणि हाताखालची उंचीहि मोजावी, कारण वळकटी गोल असते. त्याहून उत्तम म्हणजे घरची जुनी वाकळ काखेंत मारून न्यावी व तेथेंच गुंडाळून सरकवून पाहावी. दुकानदार हंसेल, हंसूं द्यावें. नक्षीचे टांके मोजूं नयेत. गोधडीला सरळ टांका पुरतो.

यंत्र टेबलांत बसविलेलें, म्हणजे त्याची बैठक व फळी एका पातळीवर असलेलें, घ्यावें. डावीकडे आणि मागें आणखी एक टेबल जोडावें. लोंबणाऱ्या गोधडीचें वजनच सुईला वांकवितें, हें आम्हांस सुई मोडल्यावर उमगलें. कापड दाबणाऱ्या पायाचा दाब कमीजास्त करतां आला पाहिजे. पहिली ओळ मध्यावर घालावी, मग उजव्या कडेकडे जावें. तो अर्धा झाला कीं गोधडी फिरवून दुसरा अर्धा शिवावा. असें केल्यानें अर्ध्याहून अधिक भाग खांबाकडे कधींच येत नाहीं.

आम्हीं दुसरें यंत्र वर्ध्यास जाऊन जुनें घेतलें, शिंप्याचें. सौभाग्यवतींना त्याच्या वेगाची संवय होईना, तेव्हां सूनबाई पायापाशीं बसली आणि त्या मागून वळकटी धरूं लागल्या. दोन लुगड्यांची गोधडी माघांत पुरी झाली. फाटलेल्या तिसऱ्याचे काठ उसवून तिच्या चारी कडांना लावले आहेत.