गळतंय, पण दिसत नाही

लेस्टरला थंडी सुरू झाली आणि माझ्या अठरा वर्षं जुन्या डिझेल गाडीचं कूलंट आठवड्याला अर्धा लिटर कमी व्हायला लागलं. गाडीखाली मात्र थेंब नाही. गॅरेजवाला म्हणाला, हेड गॅस्केट गेलं, गाडी भंगारात काढा. पुढच्या महिन्यात आई-बाबा येणार होते. दुसरी गाडी घेणं शक्यच नव्हतं.

बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. व्हिडिओ कॉलवर त्यांनी विचारलं, "ऑइलच्या झाकणाला आतून साय धरलीय का? इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येतो?"

दोन्ही नाही.

"मग आधीच हेड कशाला उघडतोस? गार इंजिनला प्रेशर देऊन बघ."

हाताने दाब द्यायचा टेस्टर मागवला. एक बारवर नेला; दहा मिनिटांत काटा उतरला. टॉर्च घेऊन शोधत बसलो. (ऑफिसात बग शोधताना एवढा धीर नसतो!) टायमिंग कव्हरच्या खालच्या कडेला गुलाबी पापुद्रा दिसला. वॉटर पंपाच्या सीलमधून कूलंट झिरपायचं आणि गरम इंजिनवरच वाळायचं.

या इंजिनात तो पंप टायमिंग बेल्टवरच फिरतो. पंप जाम होऊन बेल्ट तुटला असता, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून इंजिनच गेलं असतं. दुसऱ्या गॅरेजात दोन्ही बदलून घेतले.

"जुना पंप टाकू नकोस," बाबा म्हणाले. "आल्यावर बघतो."