पहिल्या वर्षाची एटीकेटी आणि पीएचडीचा अर्ज

"ताई, एफवायला दोन विषय राहिले होते. पीएचडीला घेतील का?" हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच. विचारणारे बरेचदा माझ्याच वाटेने आलेले असतात. बारावीनंतर नीट हुकली, घरच्यांनी 'वर्ष वाया नको' म्हणून बीएस्सीला नाव घालून ठेवलं, आणि वर्षभर कॉलेजात हजेरीपुरतं जाऊन अभ्यास मात्र नीटचाच केला. माझी नीट दुसऱ्यांदाही हुकली आणि एफवायला गणित व भौतिक रसायनशास्त्रात एटीकेटी लागली. बाबांना मी फक्त नीटचा निकाल सांगितला. कॉलेजची गुणपत्रिका पंधरा दिवस सॅकमध्येच होती.

तर आधी नियम. यूजीसीच्या 2022 च्या पीएचडी नियमावलीनुसार पदव्युत्तर पदवीला किमान 55 टक्के लागतात (राखीव प्रवर्ग, दिव्यांग आणि ईडब्ल्यूएस यांना 5 टक्क्यांची सवलत). इथे बीएस्सीचे नाही, एमएस्सीचे गुण बघतात, आणि एमएस्सीला पाटी कोरी असते. विद्यापीठाने स्वतःची प्रवेश परीक्षा घेतली तर लेखीला 70 टक्के आणि मुलाखतीला 30 टक्के वजन. त्या हिशोबात एफवायचा आकडा कुठेच येत नाही. गेटलाही पदवीच्या टक्क्यांची अट नाही. सीएसआयआर-नेटमधून जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये मिळतात, आणि तीही परीक्षेच्या जोरावर. काही संस्था मात्र मुलाखतीला बोलावण्याआधी पदवीचे गुण चाळतात, तेव्हा प्रत्येक जाहिरात बारकाईने वाचा. सीनियरने सांगितलं म्हणून अर्ज टाळू नका आणि भरूही नका.

चार वर्षांच्या पदवीतून थेट पीएचडीला जाणाऱ्यांचं गणित वेगळं आहे. तिथे 75 टक्के किंवा तितकीच ग्रेड लागते, आणि ती पूर्ण पदवीची. समजा, सगळ्या सत्रांचे क्रेडिट सारखे आहेत आणि पहिल्या दोन सत्रांत 5-5 पडले. पुढच्या सहाही सत्रांत 8 मिळवले तरी सरासरी 7.25 च येते. 7.5 गाठायला सहा सत्रांत सरासरी 8.33 हवेत. (ग्रेडचे टक्के करायचं सूत्र विद्यापीठागणिक बदलतं, ते आपापल्या परीक्षा विभागातून काढा.) जमत नसेल तर चौथ्या वर्षानंतर एक वर्षाचं एमएस्सी करा, मग पुन्हा 55 चाच नियम लागतो. हा हिशोब दुसऱ्या वर्षातच मांडलेला बरा.

आता मुलाखत, जिथे मी खरी आपटले. पहिल्याच मुलाखतीत एका सरांनी गुणपत्रिका उलटली आणि भौतिक रसायनशास्त्राच्या ओळीवर बोट ठेवलं. 'एटीकेटी का?' याचं उत्तर मी चक्क पाठ करून गेले होते. त्यांनी ते विचारलंच नाही. विचारलं, "प्रथिनाची लांब साखळी घडी होऊन एका आकारात बसते, म्हणजे तिची एन्ट्रॉपी कमी होते. मग हे आपोआप कसं घडतं?"

मी गप्प. उत्तर अवघड नाहीये. साखळीबरोबर भोवतालच्या पाण्याचाही हिशोब धरायचा असतो. साखळीचे पाण्याशी न जमणारे भाग उघडे असताना त्यांच्याभोवती पाण्याचे रेणू शिस्तीत अडकलेले असतात. घडी पडली की ते भाग आत लपतात, पाणी मोकळं होतं आणि त्याची एन्ट्रॉपी वाढते. शिवाय साखळीतल्या आतल्या बंधांची ऊर्जा मदतीला असतेच. एमएस्सीला जैवरसायनशास्त्रात माझा दुसरा नंबर होता, पण एफवायचं थर्मोडायनॅमिक्स मी पेपर सुटण्यापुरतंच केलं होतं. गुण भरून निघाले, विषय राहून गेला. निवड झाली नाही.

त्यानंतर चार महिने, लाज वाटत असतानाही, मी एफवायचंच पुस्तक काढून बसले. रोज एक धडा आणि प्रत्येक धड्यातला एक प्रश्न माझ्या विषयातला: बफर का टिकतो, एटीपी तुटताना ऊर्जा नेमकी कुठून येते. ज्यांना एटीकेटी होती त्यांना मी हेच सांगते. राहिलेला विषय आधी नीट शिका, अर्जातलं स्पष्टीकरण नंतर लिहा. ते स्पष्टीकरणही दोन ओळींचं असावं: काय झालं, आणि त्यानंतर मी काय केलं. घरची परिस्थिती, पेपर तपासणारे, कॉलेजचं वातावरण यांवर परिच्छेद लिहू नका. खरोखर आजारपण असेल तर एक वाक्य पुरतं.

पुढच्या वर्षी दुसऱ्या संस्थेत प्रश्न आला, एन्झाइममुळे अभिक्रियेचा समतोल बदलतो का? नाही, फक्त मधला अडथळा खाली येतो आणि समतोल लवकर गाठला जातो. फळ्यावर आलेख काढून सांगितलं. 'एटीकेटी का?' हे त्यांनी अगदी शेवटी विचारलं. मी म्हटलं, "तेव्हा नीटचा अभ्यास करत होते, कॉलेजकडे लक्ष दिलं नाही. हा विषय मी गेल्या वर्षी पुन्हा शिकले." मॅडमनी मान डोलावली आणि बाहेर थांबायला सांगितलं.

हो, एक राहिलंच. नापासाची गुणपत्रिका फाडू नका. प्रवेशाच्या वेळी सगळ्या मूळ प्रती मागू शकतात. माझ्या गठ्ठ्यात सॅकमध्ये चुरगळलेली तीही होती. खिडकीपलीकडच्या काकांनी तिच्या झेरॉक्सवर शिक्का मारला आणि जातीचा दाखला मागितला.